हार्टची फाईल वेगळी, किडनीची वेगळी, माणूस मात्र एकच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डायलिसिसची मशीन कमी पडतात, अजून वाढवा, अशी मागणी पेपरात अधनंमधनं वाचायला मिळते आणि ती खरीच आहे, पण मला त्याच्या आधीचं लिहायचंय. माणूस त्या मशीनपर्यंत जाऊच नये, किंवा जायचाच असेल तर निदान काही वर्षं उशिरा जावा, यासाठी काय करता येतं ते. आमच्या घरात आम्ही ते फार उशिरा शिकलो आणि शिकेपर्यंत नुकसान होऊन गेलं होतं म्हणून हे पत्र. लांबलंय थोडं, जमलं तर पूर्ण छापा.

आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. मी शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपला सुपरवायझर आहे. आमचे आबा ६८ वर्षांचे, आयुष्यभर ऊस केला, थंडीच्या दिवसात गुऱ्हाळावर उभे राहिले. साखर, म्हणजे डायबेटिस, निघाली त्याला १५ वर्षं झाली, बीपी त्याच्याही आधीचं. चार वर्षांपूर्वी ॲटॅक आला, कोल्हापूरला आणलं, स्टेंट बसवली, सरकारी योजनेतनं झालं, आणि ज्यांनी केलं त्यांनी उत्तम केलं त्याबद्दल काही तक्रार नाही. आबा घरी आले, महिन्याभरात रानाकडं फेरी मारायला लागले, आम्हाला वाटलं सुटलो.

दीड वर्षानं पाय सुजायला लागले. जिना चढताना दम, रात्री झोपताना एका उशीच्या दोन उशा, मग तीन. इको केला तर हार्टचं पंपिंग ३५ टक्के. लघवीची गोळी वाढवून मिळाली, चार दिवसात सूज उतरली, आबा खूश. पुढच्या वेळी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी ढिली पडली की रक्तात वाढणारा आकडा, १.६ चं २.१ झालेलं. म्हणून किडनीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी लघवीची गोळी निम्मी केली, बीपीच्या गोळीत बदल केला, अंग सुकलंय जरा पाणी प्या म्हणाले. महिन्यात परत सूज, परत दम, परत ॲडमिट, तिथं परत लघवीची इंजेक्शनं, परत क्रिएटिनिन वर. असं सव्वा वर्ष चाललं. एकीकडं सांगायचे पाणी दीड लिटरच्या वर नको, दुसरीकडं सांगितलेलं सुकू देऊ नका, आणि भावकीतलं कोणतरी व्हॉट्सॲपवर पाठवायचं की किडनी साफ ठेवायला दिवसाला चार लिटर पाणी प्या. आई तांब्या घेऊन उभी राहायची आणि मला विचारायची, "देऊ का नको रे?" मला काय सांगावं कळायचं नाही.

आता हे लिहिताना मला कुणाला दोष द्यायचा नाही हे आधीच सांगतो. दोन्ही डॉक्टर हुशार, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. हार्टच्या बाजूनं बघितलं तर पाणी काढायलाच पाहिजे होतं, किडनीच्या बाजूनं बघितलं तर तेवढं काढून चालणार नव्हतं. घोळ मधल्या जागेत होता आणि त्या मधल्या जागेत मी उभा होतो. एका डॉक्टरांचं म्हणणं दुसऱ्यांना पोचवायचं काम माझ्याकडं, आणि मी आयटीआय केलेला माणूस, मला त्यातलं कितपत कळणार? "साहेब, त्यांनी ती पांढरी गोळी बंद केली" एवढं सांगता यायचं. कुठली पांढरी, किती एमजीची, का बंद केली, कायमची का दहा दिवसापुरती, यातलं काही मला माहीत नसायचं आणि चिठ्ठीवरही नसायचं. चार ठिकाणच्या चार फाईली एका कॅरीबॅगेत, त्यातनं पाहिजे तो रिपोर्ट शोधेपर्यंत मागचा पेशंट आत आलेला असायचा.

आमच्या शॉपमध्ये साधं एक कास्टिंग फौंड्रीतनं आलं की त्याच्याबरोबर जॉब कार्ड फिरतं. टर्निंग झालं, माप लिहा, सही करा. ड्रिलिंग झालं, माप लिहा, सही करा. आधीच्या माणसानं काय केलंय ते कार्डावर बघितल्याशिवाय पुढच्यानं जॉब मशीनवर चढवायचा नाही, हा नियम आहे आणि तो मोडला की रिजेक्शन येतं हे पोरगंसुद्धा पहिल्या आठवड्यात शिकतं. २२ वर्षं मी हे कार्ड तपासतोय आणि माझ्या घरच्या माणसाबरोबर असं एक कार्ड पाहिजे हे माझ्या डोक्यात आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

हार्टचं आणि किडनीचं एवढं एकमेकात का अडकलेलं असतं ते मला पुढं डॉक्टरांनी समजावलं, मी ते आमच्या रानातल्या भाषेत सांगतो. नदीला मोटर आहे आणि वर रानात ड्रिपचा फिल्टर आहे. मोटर कमजोर झाली की फिल्टरला प्रेशर मिळत नाही. फिल्टर चोक झाला की मोटरवर लोड येतो, ती तापते, असंच चालू ठेवलं तर एक दिवस जळते. हार्ट जेवढं रक्त ढकलतं त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या दोन किडन्यांकडं जातो, मुठीएवढ्या त्या. दिवसभरात १८० लिटरच्या आसपास पाणी त्या गाळतात आणि दीड-दोन लिटर लघवी सोडली तर बाकी सगळं परत रक्तात घेतात. हार्ट ढिलं पडलं की किडनीला रक्त कमी मिळतं आणि मागं तुंबलेल्या रक्ताचा दाबही तिच्यावर येतो. किडनी ढिली पडली की मीठ आणि पाणी अंगात साठतं, बीपी चढतं, रक्त तयार करा हा किडनीकडनं जाणारा निरोप कमी होतो म्हणून हिमोग्लोबिन उतरतं, आणि हा सगळा भार फिरून परत हार्टवर. साखर आणि बीपी वर्षानुवर्षं दोघांनाही एकदम पोखरत असतात. किडनीचा आजार असलेली कितीतरी माणसं डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत, त्याआधी हार्टनं जातात, हे ऐकल्यावर मी गप्पच झालो. मोटरचा मेस्त्री सोमवारी आला, फिल्टरचा गुरुवारी आला, आणि दोघं एकमेकाशी बोललेच नाहीत तर रान भिजणार कसं?

हे काय माझ्या मनाचं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं ऑक्टोबर २०२३ मध्ये हार्ट, किडनी, साखर आणि वजन या सगळ्याला मिळून एकच नाव दिलं, कार्डिओव्हॅस्क्युलर किडनी मेटाबॉलिक सिंड्रोम, त्याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या केल्या आणि याला वेगवेगळं बघू नका, टीम करून बघा असं स्पष्ट सांगितलं. शून्य म्हणजे अजून काही नाही, चार म्हणजे हार्टचा आजार उघड झालेला. आमचे आबा चारवर आल्यावर आम्हाला शून्य ते तीन असतं हे कळलं.

गेल्या वर्षी श्रावणात आबा न्हाणीत पडले. बीपी ८४ वर ५०, क्रिएटिनिन २.६. त्या ॲडमिटमधनं बाहेर पडल्यावर पाहुण्यातल्या एकांनी एका एमडी डॉक्टरांचं नाव सांगितलं. साधा दवाखाना आहे, फार मोठा नाही. आठवड्यातनं एक दिवस तिथं किडनीचे डॉक्टर येतात, त्याच दिवशी आहाराच्या मॅडम बसतात, आणि एक सिस्टर आहेत. या सिस्टरांचं काम इंजेक्शन देणं नाही, त्यांचं काम पेशंट धरून ठेवणं. मी त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण माझ्या मते सगळा फरक त्यांनी पाडला.

पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या आधी पाऊण तास सिस्टरांनीच घेतला. फाईल नंतर बघू म्हणाल्या, गोळ्या आणल्यात का? आबांची पिशवी त्यांनी टेबलावर पालथी केली. १७ पट्ट्या निघाल्या. एकेक पट्टी हातात घेऊन त्या वरचं नाव बाजूला ठेवून आतलं औषध वाचत होत्या. टेल्मिसार्टन नावाची बीपीची गोळी दोन कंपन्यांची दोन नावानं निघाली, एक हार्टच्या चिठ्ठीतली, एक किडनीच्या चिठ्ठीतली, आबा दोन्ही घेत होते. न्हाणीत का पडले ते तिथं कळलं. सगळ्यात खाली कागदात गुंडाळलेली अजून एक पट्टी होती, डायक्लोफिनॅक, गुडघ्याची. आबा ती रोज एक, ऊसतोडीच्या दिवसात दोन, असं दोन वर्षं घेत होते आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं. सिस्टरांनी विचारलं ही सांगितली का नाही कधी, तर आबा म्हणाले, "ती कुठं हार्टची हाय, ती गुडघ्याची हाय." त्यांच्या हिशोबानं त्यांचं बरोबर होतं. हार्टच्या डॉक्टरांनी हार्टच्या गोळ्या विचारल्या, किडनीच्या डॉक्टरांनी किडनीच्या, गुडघ्याच्या कुणी विचारल्याच नाहीत असं त्यांना वाटलं.

ही दुखण्याची गोळी किती घातक ठरते ते लोकांना कळायला पाहिजे म्हणून लिहितो. किडनीतल्या प्रत्येक बारीक गाळणीला रक्त आत यायची एक नळी असते आणि बाहेर जायची एक. दुखण्याची गोळी आत यायची नळी आवळते. टेल्मिसार्टनसारखी गोळी बाहेर जायची नळी सैल करते, ते एरवी चांगलं असतं, त्यानं गाळणीवरचा ताण कमी होऊन ती टिकते. आणि लघवीची गोळी मुळातलं पाणीच कमी करते. तिन्ही एकदम झाल्या की गाळणीत प्रेशरच उरत नाही. प्रत्येक गोळी एकेकटी बघितली तर कुणालाही चूक वाटणार नाही, तिन्ही एका टेबलावर आल्या तेव्हाच दिसलं. आणि दुखण्याच्या गोळीनं मीठ-पाणी अंगात धरून राहतं ते वेगळंच, म्हणजे सूज उतरत नव्हती त्यातही तिचा हात होता.

मग डॉक्टरांनी आमच्यासमोर हार्टच्या डॉक्टरांना फोन लावला, किडनीचे डॉक्टर शेजारीच बसलेले. फार तर पाच मिनिटं बोलले असतील. सव्वा वर्ष मी जे इकडनं तिकडं पोचवू शकलो नाही ते पाच मिनिटात मिटलं. सूज नसतानाचं आबांचं वजन ६१ किलो, ते धरून चालायचं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, वजन करायचं. तीन दिवसात दोन किलो वाढलं तर सिस्टरांना फोन, दम लागेपर्यंत थांबायचं नाही. टेल्मिसार्टन एकच. गुडघ्याला ती गोळी बंद, त्याऐवजी दुसरी सोय आणि व्यायाम. क्रिएटिनिन जरा हललं की घाबरून गोळी बंद करायची नाही, अशा गोळ्या सुरू केल्यावर ते ३० टक्क्यापर्यंत वाढलं तर बहुतेक वेळा चालतं, पण एक-दोन आठवड्यात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं म्हणजे तपासायचंच. हे सगळं एका वहीत लिहिलं आणि खाली लिहिलं की गोळीत बदल कुणीही केला तरी या वहीत लिहायचा, का केला ते पण.

त्या दिवशी अजून एक कळलं. डापाग्लिफ्लोझिन म्हणून एक गोळी आहे, मुळात साखरेची. २०१९ मध्ये मोठ्या अभ्यासातनं सिद्ध झालं की ती कमजोर हार्टला मदत करते, साखर नसली तरी, आणि २०२० मध्ये किडनीसाठीही तसंच सिद्ध झालं. भारतात तिचं पेटंट आता संपलंय त्यामुळं बऱ्याच कंपन्यांची स्वस्तात मिळते. आबांना हार्ट, किडनी, साखर तिन्ही आहे, म्हणजे तिन्ही बाजूनं उपयोगाची, तरी ती चार फाईलींपैकी एकातही नव्हती. हार्टवाल्यांना वाटलं असेल साखरवाले देतील, साखरवाल्यांना वाटलं किडनी अशी आहे तर किडनीवालेच ठरवतील. प्रत्येकानं दुसऱ्याच्या शेतात पाय नको म्हणून सोडून दिली असणार. कुणी आपल्या मनानं ही गोळी सुरू करू नका, तिलाही बघून द्यावं लागतं, मी फक्त मधल्या जागेत काय काय हरवतं ते सांगतोय.

आहाराच्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, मीठ कुठलं वापरता? मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की मी मॉलमधनं कमी सोडियमचं मीठ आणलंय, खास आबांसाठी. त्यांनी लगेच रिपोर्ट मागितला, पोटॅशियम ५.९, म्हणजे चढलेलं. त्या मिठात सोडियम कमी करायला पोटॅशियम घातलेलं असतं, चांगल्या किडनीच्या माणसाला ते ठीक, पण किडनी कमजोर असलेल्याला ते अंगात साठतं, आणि पोटॅशियम फार चढलं तर हार्टचा ठोकाच चुकतो, माणूस जागेवर जाऊ शकतो. वर आम्ही अशक्तपणा येतो म्हणून दर दोन दिवसाला शहाळं देत होतो, त्यातही पोटॅशियम. आणि साखर नको म्हणून गुळाचा चहा! गूळ आपल्या घरचा म्हणून तो औषधासारखा वाटतो, पण साखरेच्या पेशंटला गूळ म्हणजे साखरच, आणि पोटॅशियम त्यातही असतं. तिन्ही गोष्टी आम्ही मायेनं करत होतो.

मॅडम कोल्हापूरच्याच, त्यामुळं त्यांनी उगाच हे बंद ते बंद अशी छापील यादी हातात दिली नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि आमच्या घरात खरडा, कांदा-लसूण चटणी, लोणचं, पापड, ताकात मीठ असं धरलं तर एकट्या आबांच्या ताटात त्याच्या दुप्पट तरी जात असेल. चटणी बंद करा म्हटलं असतं तर आबांनी जेवणच सोडलं असतं. त्यांनी आईला सांगितलं की आबांची चटणी वेगळी कुटा, तिखट-लसूण पाहिजे तेवढं, मीठ नाही, वरनं लिंबू. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी टाकायचं आणि मग फोडणी द्यायची, त्यानं पोटॅशियम बरंच निघून जातं. तांबडा-पांढरा रस्सा महिन्यातनं एकदा, वाटीभर, मटणाचे दोन तुकडे, आणि त्या दिवशी बाकी काय कमी करायचं ते पण लिहून दिलं. पाण्याचं म्हणाल तर तिन्ही डॉक्टरांचं मिळून दीड लिटर ठरलं. माझ्या बायकोनं एका स्टीलच्या बरणीला आतनं खूण केली, सकाळी तेवढी भरून ठेवायची, चहा-ताक घेतलं की तेवढं त्यातनं काढून टाकायचं, उरलेलं आबांचं. आई आता मला विचारत नाही.

मध्ये पावसाळ्यात आबांना जुलाब लागले. पूर्वी असतं तर सगळ्या गोळ्या तशाच चालू राहिल्या असत्या आणि आम्ही तिसऱ्या दिवशी ॲडमिट झालो असतो. बायकोनं सकाळीच सिस्टरांना फोन केला, त्यांनी डॉक्टरांना विचारून अर्ध्या तासात कळवलं की या या चार गोळ्या खाणंपिणं सुधारेपर्यंत थांबवा, बाकीच्या चालू, परवा रक्त द्या. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना लघवीच्या, टेल्मिसार्टनसारख्या आणि साखरेच्या काही गोळ्या किडनीला उलट त्रास देतात हे आम्हाला कुठनं माहीत असणार. नंतर कुठली कधी चालू करायची ते पण त्यांनीच फोन करून सांगितलं. अजून एक बारीक गोष्ट, रक्त काढायला डाव्या हाताला टोचू नका असं वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहिलंय. उद्या कधी डायलिसिस लागलंच तर त्यासाठी त्या हाताच्या शिरा चांगल्या राहायला पाहिजेत. इतक्या पुढचा विचार कुणीतरी करतंय हे बघून मला भरून आलं.

आता आबांची किडनी पहिल्यासारखी झाली असं मी म्हणणार नाही, ती होणारही नाही. क्रिएटिनिन १.९ वर थांबलंय, ईजीएफआर ३८, म्हणजे किडनीचं काम ढोबळमानानं तेवढं शिल्लक. पण दहा महिन्यात एकदाही ॲडमिट नाही, त्याआधीच्या सव्वा वर्षात पाच वेळा होते. सकाळी रानापर्यंत चालत जातात. खर्चाचं सांगायचं तर १७ पट्ट्यांच्या ९ झाल्या, महिन्याचं मेडिकलचं बिल कमी आलं.

माझी भाची बीफार्मला आहे, तिनं मला बाहेरचं पण वाचून दाखवलं. डेन्मार्कमध्ये स्टेनो नावाच्या साखरेच्या दवाखान्यात १९९३ पासून १६० लोकांवर एक अभ्यास झाला, सगळे साखरेचे आणि लघवीतनं थोडं प्रोटीन जाणारे, म्हणजे किडनीला नुकती झळ लागलेले. निम्म्यांना नेहमीची ट्रीटमेंट, निम्म्यांना डॉक्टर, नर्स आणि आहारतज्ञ यांची टीम जी साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, खाणं, व्यायाम, सिगरेट सगळं एकत्र बघत होती, जवळपास आठ वर्षं. सुरुवातीपासनं २१ वर्षांनी हिशोब केला तर टीमवाला गट दुसऱ्या गटापेक्षा जवळपास आठ वर्षं जास्त जगला, आणि हार्टचे, किडनीचे त्रास पण कमी. आठ वर्षं म्हणजे नातवाचं लग्न बघून होतं. बरं डेन्मार्क श्रीमंत देश म्हणून सोडून देऊ, तर बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या खेड्यात आपल्या आशाताईंसारख्याच बायकांनी घरोघर जाऊन बीपी मोजलं, समजावलं, गरज असेल त्याला डॉक्टरकडं पाठवलं, तर दोन वर्षात बीपी बाकीच्या गावांपेक्षा जास्त उतरलेलं सापडलं, २०२० मध्ये छापून आलंय ते. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे लॉस एंजेलिसचं. तिथं कृष्णवर्णीय पुरुषांचं बीपी केस कापायच्या दुकानात मोजलं आणि औषधाचं शिक्षण झालेला फार्मासिस्ट दुकानातच येऊन डॉक्टरांबरोबर ठरवून गोळ्या द्यायचा. सहा महिन्यात वरचं बीपी सरासरी २७ नं उतरलं, ज्यांना नुसतं डॉक्टरकडं जा म्हणून सांगितलं त्यांचं ९ नं.

हे ऐकलं आणि मला आमच्या गावची दूध संस्था दिसायला लागली. सकाळ संध्याकाळ सगळं गाव तिथं येतं, बापई येतात, बाया येतात, डॉक्टरचं नाव काढलं की पळणारे पण किटली घेऊन रांगेत उभे असतात. म्हशीच्या दुधाची फॅट दिवसातनं दोनदा लागते, कार्डावर लिहिली जाते, पाव पॉइंट उतरली तरी माणूस विचारतो का उतरली म्हणून. तिथंच एक बीपीचं मशीन, एक टेबल, आठवड्यातनं दोन दिवस आशाताई किंवा उपकेंद्राच्या सीएचओ, म्हणजे तिथल्या आरोग्य अधिकारी, बसल्या, आकडा त्याच दुधाच्या कार्डाच्या मागं लिहिला, जास्त निघालेल्याचं नाव पुढं पाठवलं, एवढं काही अवघड नाही. जिल्ह्यात गावोगाव दूध संस्था आहेत, हे जाळं आपल्याकडं तयार आहे. शहरात तालमी आहेत, रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारी माणसं आहेत.

आणि नुसतं बीपी मोजून थांबू नये. साखर आणि बीपीच्या प्रत्येक पेशंटच्या वर्षातनं एकदा दोन तपासण्या व्हायला पाहिजेत, रक्तातनं ईजीएफआर आणि लघवीतनं जाणारं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन, त्या तपासणीला एसीआर म्हणतात. तो ३० च्या वर आला आणि तसाच राहिला तर किडनीला झळ लागलीय आणि हार्टलाही धोका वाढलाय असं समजायचं. त्यावेळी माणसाला कसलाच त्रास नसतो, सूज नाही, दम नाही, लघवी पण भरपूर होते, म्हणून तर कुणी तपासत नाही. आबांची साखर १५ वर्षं तपासली गेली, ही लघवीची तपासणी पहिल्यांदा झाली ती चौदाव्या वर्षी.

मोठी मागणी माझी एकच आहे. आपला थोरला दवाखाना, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी सीपीआर हॉस्पिटल, आणि शाहू महाराजांच्या नावाचं मेडिकल कॉलेज हे बाराही तालुक्यांचं शेवटचं ठिकाण आहे. तिथं आठवड्यातनं एक दिवस हार्ट, किडनी आणि साखर अशी एकत्र ओपीडी असावी, एकाच मजल्यावर, एकाच केसपेपरवर, शेजारी आहारतज्ञ, आणि गोळ्यांची पिशवी पालथी करणारी एक सिस्टर किंवा फार्मासिस्ट. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर त्या दिवशी ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवरनं त्यांना विचारू शकतील. चंदगडहून शंभर किलोमीटरच्या वर प्रवास करून माणूस एका डॉक्टरला दाखवतो आणि दुसऱ्यासाठी परत पुढच्या आठवड्यात यायचं म्हटलं की तो येत नाही, चंदगडचे कितीतरी जण बेळगाव जवळ पडतं म्हणून तिकडं जातात, मग एक चिठ्ठी बेळगावची, एक कोल्हापूरची. महात्मा फुले योजनेतनं स्टेंट होते, डायलिसिस होतं, त्याबद्दल सरकारचे उपकारच आहेत, पण योजनेचा सगळा भर ॲडमिट झाल्यानंतरचा आहे, ॲडमिट होऊ नये म्हणून बसणाऱ्या सिस्टरांचा पगार त्यातनं कसा निघेल याचा विचार लोकप्रतिनिधींनी करावा.

डॉक्टरांना वेळ नसतो हे मला मान्य आहे, बाहेर ७०-८० पेशंट बसलेले असतात, ते मी रांगेत बसून बघितलंय. म्हणूनच म्हणतोय की मोठ्या डॉक्टरांचं काम वाढवू नका, त्यांच्या बाजूला माणूस द्या. आमच्या केसमध्ये मोठ्या डॉक्टरांची पाच मिनिटं लागली, बाकी सगळं सिस्टर आणि मॅडम यांनी ओढलं. मेडिकलवाल्यांनाही हात जोडून सांगणं आहे, तुम्ही रोज बघता कोण काय न्हेतंय, साखर-बीपीच्या गोळ्या न्हेणारा माणूस वरनं दुखण्याची पट्टी मागत असेल तर नुसतं विचारा, किडनी तपासलीय का. आबांना दोन वर्षं ती पट्टी विनाचिठ्ठी मिळत होती, एकदा जरी कुणी विचारलं असतं तरी बरं झालं असतं.

आमच्या गावच्या संस्थेच्या चेअरमनना मी भेटलो, टेबल आणि जागा द्यायला ते तयार आहेत, मशीन मी आणि माझ्या शॉपमधले तिघं मिळून घेतोय. सीएचओ मॅडमनी मंगळवार आणि शुक्रवार सकाळ देते म्हणून सांगितलंय.

तुम्हाला एक विनंती, मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन असतो, त्या दिवशीच्या अंकात अर्ध्या पानावर वहीचा नमुना छापलात तर लोक कापून घेतील. आमच्या वहीचे रकाने असे आहेत, तारीख, सकाळचं वजन, बीपी, साखर, सूज आहे का नाही, आणि उजव्या बाजूला मोठी जागा ठेवलीय, गोळीत काय बदल, कुणी केला, का केला. मागच्या पानावर सगळ्या डॉक्टरांचे फोन आणि दर तपासणीचं क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन एकाखाली एक. आमच्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे, आबांचं नाव तेवढं झाकलंय, त्यांना विचारूनच पाठवतोय.

आपला,
एक वाचक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर